मनुष्यबळाचा हिशेब

सिंदेवाही तालुक्यात पाऊस जमला की बांध्यांतून धानाची रोवणी सुरू होते. दहा बायकांस जे काम चार दिवस पुरावयाचे, ते वीस बायका दोन दिवसांत उरकतात. चिखल तयार असला आणि पऱ्ह्यांच्या जुड्या हाताशी असल्या, म्हणजे एकीचे काम दुसरीवाचून अडत नाही. नव्याने आलेली बाईही रोवणी जाणत असते. तिला शिकविण्यात कोणाचा वेळ मोडत नाही.

हेच त्रैराशिक संगणकाचे सॉफ्टवेअर रचणाऱ्या मंडळींस लावले, तर मात्र ते फसते. अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीत फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९६४-६५ च्या सुमारास एका प्रचंड संगणक-प्रणालीच्या रचनेचे नेतृत्व केले. त्या अनुभवावरून १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी असा सिद्धांत मांडला की, रेंगाळलेल्या कामावर नवी माणसे घातली असता ते अधिकच रेंगाळते.

याची कारणे गूढ नाहीत. नव्या माणसास काम समजावून देणारे जे जाणते लोक, तेच ते काम करणारेही असतात; शिकविण्यापायी त्यांचे काम थांबते. शिवाय प्रत्येकाचे काम दुसऱ्याच्या कामात गुंतलेले असल्यामुळे परस्परांशी सल्लामसलत करावी लागते. पाच माणसांत अशा संभाषणाच्या जोड्या १०, दहांत ४५ आणि विसांत १९० होतात. माणसे दुप्पट झाली, तर बोलणे चौपटीहून वाढते.

पुढे १९९१ साली तारेक अब्देल-हमीद व स्टुअर्ट मॅडनिक या विद्वानांनी या मानवी व्यवहाराचे गणिती प्रतिमान ग्रंथरूपाने मांडले. माणसांची भरती व शिक्षण, प्रत्यक्ष रचना, देखरेख आणि नियोजन ही अंगे त्यांनी एकमेकांस जोडून दाखविली. उशीर झाला की दडपण येते. दडपणाखाली चुका वाढतात. चुका निस्तरण्यात दिवस जातात आणि उशीर पुन्हा वाढतो. मात्र ब्रुक्स यांच्या सिद्धांतास त्यांनी एक मुरड घातली. उशिरा माणसे वाढविल्याने खर्च नेहमीच वाढतो. परंतु काम प्रत्येक वेळी लांबतेच असे नव्हे. माणसे वेळीच आली, तर शिकण्यातील तूट भरून निघू शकते.

हा विषय महाराष्ट्रास परका नाही. पुण्यात १९८१ साली टाटांनी स्थापिलेल्या संशोधन केंद्रात सॉफ्टवेअर-रचनेच्या शास्त्राचा अभ्यास झाला आहे. आज खेड्यापाड्यांतील मुलेमुली शिकून पुण्याच्या हिंजवडीत याच व्यवसायात शिरतात. वरिष्ठांनी हिशेब न करता ग्राहकास दिलेल्या तारखेची किंमत पुष्कळदा याच मुलांच्या झोपेतून वसूल होते आणि दोष मात्र त्यांच्या आळसावर येतो.

प्रतिमान माणसाचे मन मोजू शकत नाही, हे खरे. त्याचा चाबूक करून कोणास हाकणे, हा तर त्याचा दुरुपयोगच होय. त्याचा खरा गुण असा की, मनात गृहीत धरलेल्या गोष्टी ते उघड कागदावर आणते. तारीख देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: नव्यांना शिकविणार कोण, कोणाला कोणाशी बोलावे लागणार, आणि चुका निस्तरण्यास दिवस किती राखले आहेत? या तिहींची उत्तरे ज्या तारखेत नाहीत, ती तारीख केवळ इच्छा होय. तो हिशेब नव्हे.