मधुमेही बालकें आणि आपलें कर्तव्य



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपलें मंदिर कोणीं बांधिलें, घंटा कधीं टांगिली, याचें वर्णन आपण ऐकणारच आहां. आम्ही मात्र एका लहानग्याविषयीं बोलणार आहों.

कांहीं वर्षांपूर्वीं रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत ९ वर्षांचा एक मुलगा प्रश्नाचें उत्तर देईना. कपाळावर घाम, हातांस कांपरें. आणि पुन्हां विचारलें असतां तो चिडून बोलला. आम्हीं त्यास उर्मट ठरविलें व भिंतीजवळ उभें केलें. क्षणभरांत तो खालीं बसला. त्याच्या थोरल्या बहिणीनें धांवत येऊन त्यास साखरेचें पाणी पाजलें, तेव्हां आम्हांस समजलें, कीं हा उर्मटपणा नव्हे. त्याच्या रक्तांतील साखर उतरली होती. त्या दिवसाची लाज आम्ही अद्याप विसरलों नाहीं.

मधुमेह हा उतारवयाचा रोग, असा आपला समज असतो. परंतु मुलांस बहुधा जो होतो, त्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत शरीराची रक्षकशक्तिच स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करिते. मुलानें गोड फार खाल्लें किंवा आईबापांनीं पाप केलें, म्हणून हा रोग होत नाहीं. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं असाच प्रश्न केला होता, व प्रभूनें तो समज खोडून काढिला.

सन १९२१ मध्यें टोरांटो येथें बॅन्टिंग व बेस्ट यांच्या प्रयत्नांनीं इन्सुलिन हातीं आलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड थॉम्प्सन नामक १४ वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. त्यापूर्वीं असें मूल फार काळ जगत नसे. आज तें शिकतें, खेळतें, पुढें संसारही करितें. मात्र इन्सुलिन रोज टोचलें पाहिजे. नवस, नोव्हेना किंवा झाडपाला यांच्या भरंवशावर तें एक दिवसही बंद करूं नये. प्रार्थना अवश्य करावी. पण इंजेक्शन चुकवून नव्हे.

आपल्या शाळा, वसतिगृहें व धर्मशिक्षणाचे वर्ग येथील वडीलधाऱ्यांनीं इतकें तरी जाणावें. घाम, थरथर, भूक, चिडचिड, गुंगी हीं साखर उतरल्याचीं चिन्हें होत. ती ७० च्या खालीं गेली, किंवा मोजण्याचें साधन जवळ नसतां संशय आला, तर लगेच सुमारें १५ ग्रॅम, म्हणजे चहाचे तीन चमचे साखर पाण्यांतून द्यावी व १५ मिनिटांनीं पुन्हां पाहावें. मुलास एकटें सोडूं नये. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहींही घालूं नये. कुशीवर निजवून तत्काळ डॉक्टरांची मदत घ्यावी. याउलट अति तहान, वारंवार लघवी, वांती व जोराचा श्वास हीं साखर फार चढल्याचीं लक्षणें. तेव्हांही विलंब करूं नये.

उपवासाविषयींही एक शब्द. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवासाचें बंधन १८ वर्षांखालील मुलांस नाहीं; आणि कम्युनियनपूर्वींच्या एक तासाच्या उपवासांतून आजाऱ्यांस सूट आहे. तेव्हां मिस्साच्या वेळीं एखादें मूल साखर तोंडांत टाकील, तर मागील बाकावरून कोणीं डोळे वटारूं नयेत.

आईबापांसही आमची विनंति आहे. मुलीचें लग्न जमणार नाहीं, या भयानें कित्येकजण हा रोग लपवितात. लपविलेल्या रोगांत शेजारी धांवून येणार कसा? आणि आपण इतरांनीं त्या मुलास ‘बिचारा’ म्हणूं नये, सहलींतून वा खेळांतून वगळूं नये. त्यास कींव नको. आपली जाण व आपलें लक्ष हवें.

त्या दिवशीं बहिणीपाशीं साखरेची पुडी होती, आमच्यापाशीं नव्हती. तेव्हांपासून आमच्या झग्याच्या खिशांत ती नेहमीं असते. या ज्युबिलीची खूण म्हणून आपल्या प्रत्येक वर्गांत साखरेचा एक लहानसा डबा असावा, आणि तो केव्हां उघडावा हें जाणणारें एक तरी माणूस असावें, इतकेंच आमचें मागणें आहे.

प्रभु आपणां सर्वांचें कल्याण करो.