खारे पाणी आणि गोड्या पाण्याचा हिशेब



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर गप्पच झाले. होड्यांना आणि मासेमारीच्या सामानाला लागलेले समुद्राचे खारे पाणी, थोडक्या गोड्या पाण्यात, कोठेही उचलून नेता येईल अशा साधनाने कसे धुवावे, हा तो विषय. आपल्यापासून समुद्र शेकडो मैल दूर. आपले पाणी म्हणजे कयाधू, नाही तर पैनगंगेवरचे इसापूरचे धरण. तेथे आपले भोई बांधव जाळे टाकतात, काढतात, झटकतात आणि वाळत घालतात. खार धुण्याचा प्रश्नच येत नाही. चिटणिसांचा चेहरा पाहून मी त्यांना एवढेच म्हणालो की, साहेब, एप्रिल महिन्यात पाण्याची गोष्ट ऐकायला कळमनुरीत माणसे नक्की येतील. ती आली आहेत, हे पाहून मला धीर आला.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. तेव्हा शास्त्राची भाषा माझ्या तोंडी थोडी ओबडधोबड येईल, ती आपण चालवून घ्यावी.

काही वर्षांपूर्वी कोकणपट्टीवरच्या एका किनाऱ्यावर मी संघटनेच्या कामाने राहत होतो. मालवण-तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांना फिरवण्यासाठी होड्या ठेवतात, हे आपल्यापैकी कोणी पाहिले असेल. त्यांत कयाक नावाची एक अरुंद, वल्ह्याने चालवायची होडी असते. मुळात ही उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलचे कातडे. आता ती प्लॅस्टिकची मिळते. हौशी माणसे तीत बसून गरवायलाही जातात. मी होतो तेथे अशा सहा होड्या होत्या आणि सात कामगार होते. त्यांतले दोघे आपल्याच जिल्ह्यातले. सूर्यास्ताला पर्यटक गेले की मालकाच्या लेखी दिवस संपे. कामगारांचा मात्र संपत नसे, कारण मग सामान धुवायचे. होड्या, वल्ही, तरंगायची जाकिटे, गळाच्या काठ्या, रिळे. त्यात दीड तास जाई आणि त्या दीड तासाचा मजुरीत कोठे उल्लेखच नव्हता.

आता धुवायचे तरी कशासाठी, असे कोणी विचारील. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार राहतात. कोरडे झाले म्हणजे मीठ निरुपद्रवी झाले, असा आपला समज असतो. पण घरातल्या बायकांना विचारा. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, ते कोठून येते? हवेतून. हवेतला दमटपणा शेकडा ७५ च्या वर गेला की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियमचेही क्षार असतात. ते तर याहून पुष्कळ कमी दमटपणातच ओले होतात. म्हणजे किनाऱ्यावर ठेवलेल्या खाऱ्या सामानावर रात्रभर एक अदृश्य ओल बसलेली असते आणि त्या ओलीखाली लोखंड गंजत राहते. ॲल्युमिनियमच्या पट्टीला पोलादी स्क्रू मारला असेल तर आणखी वाईट. दोन निराळे धातू, मध्ये खारट पाणी, म्हणजे एक छोटी विजेची बॅटरीच तयार होते. त्यातला दुबळा धातू, येथे ॲल्युमिनियम, झिजत जातो. दोरीत आणि जाकिटाच्या पट्ट्यांत शिरलेले मिठाचे खडे कणसर असतात, ते घर्षणाने धागे कापतात. कयाकच्या प्लॅस्टिकला गंज नाही, पण तिची बिजागरी, सुकाणूची तार, स्क्रू आणि साखळ्या यांना आहे.

याच बाबतीतली एक जुनी हकीकत सांगतो. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने १८२४ साली आरमाराच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे समुद्राच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडण्याची युक्ती काढली. जस्त झिजे, तांबे शाबूत राही. युक्ती शास्त्राप्रमाणे अगदी खरी ठरली. पण तांबे झिजत होते म्हणूनच तर त्याच्या विषामुळे जहाजाच्या तळाला समुद्री जीव चिकटत नव्हते! तांबे वाचले आणि तळाला शिंपल्या-शेवाळाचे जंगल माजून जहाजे मंदावली. आजही होड्यांच्या इंजिनाला जस्ताचे तुकडे लावतात, ते त्याच तत्त्वावर. मला ही हकीकत आवडते ती एवढ्यासाठी की, एक दुखणे बरे करताना दुसरे कोणाच्या अंगावर ढकलले जाते, हे पाहिल्याशिवाय उपाय पुरा होत नाही. आमच्या किनाऱ्यावर हेच घडत होते. सामान वाचत होते आणि पाणी कामगारांचे जात होते.

कोकणात पाऊस धो धो पडतो, पण उन्हाळ्यात कित्येक वाड्यांना टँकर लागतो. खाडीचे पाणी भरतीबरोबर खारे होते, ते धुण्याला उपयोगाचे नाही. आमच्याकडे एक दिवसाआड टँकर येई. त्यातले एक मोठे पिंप धुण्यासाठी आणि वीस लिटरचा एक कॅन सात माणसांना पिण्यासाठी. अंगावरची खार धुवायला काही उरत नसे. वल्ह्याने घासटलेल्या तळहातांत मीठ जाऊन जखमा चिघळत. मी मालकाकडे गेलो. तो म्हणाला, नळी लावून धुतल्याशिवाय सामान टिकत नाही, आणि पाणी मी विकत घेतो. त्याचे दोन्ही म्हणणे खोटे नव्हते. खोटे एवढेच होते की, त्याला नळीएवढे पाणी लागते.

येथे थोडे गणित आहे. कंटाळू नका, स्वयंपाकघरातले आहे. समजा एका वस्तूला शंभर मिलिलिटर समुद्राचे पाणी चिकटले आहे. त्यात साडेतीन ग्रॅम क्षार. तुमच्याजवळ नऊशे मिलिलिटर गोडे पाणी आहे. ते सारे एकदम ओतून ढवळले आणि निथळू दिले, की पुन्हा शंभर मिलिलिटर चिकटून राहते. क्षार उरला दहावा हिस्सा, म्हणजे ०.३५ ग्रॅम. आता तेच पाणी तीनशे-तीनशेचे तीन भाग करून वापरा. पहिल्या धुण्याला उरतो पाव हिस्सा, दुसऱ्याला पावाचा पाव, तिसऱ्याला त्याचाही पाव. म्हणजे चौसष्टावा हिस्सा, फक्त ०.०५५ ग्रॅम. पाणी तेवढेच आणि स्वच्छता सहापट! मात्र दर वेळी नीट निथळले पाहिजे, नाही तर हिशेब बिघडतो. आपल्या आयाबहिणी दुष्काळात तीन घमेल्यांत भांडी विसळतात, तेव्हा त्या हेच गणित करत असतात. ते गणित मी पुस्तकात नंतर वाचले. आधी आईला करताना पाहिले होते.

म्हणून आम्ही नळी बंद केली. मोठी वस्तू असेल तर फवारा, लहान असेल तर तीन बादल्या. फवाऱ्याला काय, तर आपल्या शेतकऱ्याचा पंप. पाठीवर घ्यायचा सोळा लिटरचा, किंवा हवा भरून दाबायचा पाच-आठ लिटरचा हातपंप. उंचावर टांगलेल्या डब्यातून नळी सोडली तरी पाणी येते, पण जोर फार थोडा. दहा मीटर उंचीच्या पाण्याला हवेच्या एका दाबाएवढा जोर असतो, आणि झाडाला टांगलेला डबा जेमतेम दोन मीटरांवर. हाताने दाब भरलेला पंप दोन-तीन दाबांपर्यंत सहज जातो. आपल्या गावातल्या मुलाला तो हातात घेऊन चालवायला कोणी शिकवावे लागत नाही. त्या दोघांना तर कपाशीच्या फवारणीची इतकी सवय होती की, त्यांनी पहिल्याच दिवशी नोझलची चकती बदलून फवारा बारीक केला आणि पाणी निम्म्याने वाचवले.

पण येथे माझ्या हातून चूक झाली ती सांगायलाच पाहिजे. खर्च वाचावा म्हणून मी एका ओळखीच्या शेतकऱ्याचा जुना पंप आणवला. तीन वेळा धुतला होता. वास गेला होता. वाटले, झाले. दुसऱ्या दिवशी दमलेल्या एका पोराने त्याच पंपाच्या फवाऱ्याने तोंड धुतले आणि दोन घोट घेतले. संध्याकाळी उलट्या. रात्र मी त्याच्या उशाशी काढली. तो सावरला, हे दैवाचे उपकार. औषधाचा पंप धुऊन पाण्याचा होत नाही, कारण विष रबराच्या वॉशरांत, नळीत आणि प्लॅस्टिकच्या सांध्यांत मुरलेले असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. ते मला ठाऊक होते आणि तरीही मी तो पंप आणवला. नवा पंप, निराळ्या रंगाचा, आणि त्यावर 'फक्त पाणी' असे ठळक लिहिलेले. एवढा खर्च मालकाने करायचा, हे त्यानंतर मी मागण्यांत पहिले कलम केले.

बाकीची रीत थोडक्यात. सामान खारे वाळण्याच्या आत धुवावे, कारण एकदा फटीत मीठ बसले की ते सुटायला जास्त पाणी लागते. रिळावर जोराची धार कधीही मारू नये. धारेबरोबर मीठ आतल्या बेअरिंगपर्यंत जाते. ताणाचा स्क्रू आवळावा, वरून हलका फवारा सोडावा, पुसावे, मग स्क्रू सैल करून सावलीत ठेवावे. दोरी, जाकिटे, साखळ्या बादलीत. पहिली बादली सर्वांत खारी होते. ती ओतून दुसरीला पहिली आणि तिसरीला दुसरी करायची, नवे पाणी फक्त शेवटी घालायचे. इंजिनाची होडी असेल तर गोष्ट निराळी. ती समुद्राचेच पाणी आत घेऊन गार होते, म्हणून तिच्या आतल्या वाटा धुवाव्या लागतात. खालचा भाग पिंपात बुडवून, गिअर न घालता, दहा मिनिटे मंद चालू ठेवतात. त्या वेळी पंख्याजवळ कोणी हात नेऊ नये. पूर्वी कापसाच्या जाळ्यांना झाडाच्या सालीचा काढा देऊन ती कुजण्यापासून वाचवीत. नायलॉन आल्यापासून ते काम गेले. त्या कामाची मजुरी करणाऱ्यांचे काय झाले हा वेगळा प्रश्न, तो आज नको.

वाटाघाटी तीन बैठका चालल्या. मालकाने आधी म्हटले, पाणी वाचले ते माझे. आम्ही म्हटले, वाचवले कोणी? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी इतर मागण्यांबरोबर दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली होती. अर्ध्या तासाची किंमत आमच्या चळवळीला तेव्हापासून ठाऊक आहे. शेवटी ठरले ते असे. नव्या रीतीने धुणे पाऊण तासात होते, तो पाऊण तास कामाच्या वेळेत धरायचा. आणि पिंपात जे उरेल ते कामगारांच्या आंघोळीला. मालकाने हे लिहून दिले नाही, पण पाळले. पहिल्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी पिंपात काठी घालून पाणी मोजत असे. निम्म्याहून जास्त उरत असे. सातही जणांनी पाळी लावून अंगावर दोन-दोन तांबे घेतले. आपल्या जिल्ह्यातल्या त्या दोघांपैकी एकाने हात पाहिले आणि म्हणाला, "काका, आता भाकरी मोडताना झोंबत नाही."

तसला एक हातपंप मी आज बरोबर आणला आहे. या टेबलाखाली आहे. नवा आहे, औषध त्याला कधी लागलेले नाही. व्याख्यान झाल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पुढे यावे. मिठाच्या पाण्यात बुडवलेले एक रीळ आणि एक लिटर पाणीही ठेवले आहे. आपण ते तीन वाटण्यांत धुऊन पाहू.