यंत्राचा ताप आणि चालकाचा धीर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भिलाईसारख्या पोलादनगरीत, जेथे सेक्टरासेक्टरांतून अभियंत्यांची वस्ती आहे, तेथे कलाशाखेच्या एका पदवीधराने इंजिनावर बोलावयास उभे राहावे हे धाडसच होय. आमची सारी हयात केंद्र सरकारच्या फायलींत गेली. परंतु कार्यवाहांनी विषय निवडण्याची मोकळीक दिली, आणि मे महिन्यात आपल्यापैकी कित्येक कुटुंबे मोटारीने गावाकडे निघणार आहेत हे ध्यानी घेऊन आम्ही हा विषय घेतला. त्याचा आरंभ तापलेल्या रस्त्यावर होतो आणि उकल मात्र बर्फात सापडते.

1986 सालची गोष्ट. आमचे वडील येथल्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होते. मंडळाच्या गणेशोत्सवात पेटीवर तेच बसत, हे सभागृहातील काही ज्येष्ठांना स्मरत असेल. त्या मे महिन्यात आत्याच्या मुलीचे लग्न वर्ध्याला होते. मुहूर्त गोरज. एका स्नेह्यांची जुनी मोटार मिळाली होती, पण निघता निघता दहा वाजले. राजनांदगाव मागे पडले, चिचोला गेले, आणि बाघनदीच्या अलीकडे झाडीतल्या चढावर बॉनेटमधून वाफ उसळू लागली. गाडी थांबली. घड्याळात दोन वाजले होते. आई मुहूर्ताची काळजी करीत होती, आणि पंधरा वर्षांचे आम्ही त्याहून उतावीळ. “बाबा, झाकण उघडा, पाणी ओतू आणि निघू,” असे आम्हीच म्हणालो. फडकेही आम्हीच आणून दिले. वडिलांनी रेडिएटरचे झाकण फिरवले मात्र, उकळत्या पाण्याचा फवारा त्यांच्या उजव्या हातावर आला.

लग्न आम्हांस मिळाले नाही. हात बरा झाला, पण दोन बोटे कायमची आखडली. त्यानंतर वडील पेटीवर कधी बसले नाहीत. त्यांनी आम्हांला एका शब्दाने बोल लावला नाही. त्यामुळेच तो बोल आम्ही आजवर स्वतःला लावीत आलो.

पुढे नोकरीच्या निमित्ताने आमची बदली श्रीनगरला झाली. मार्चअखेरीस आम्ही सपत्नीक गुलमर्गला गेलो आणि गंडोल्याने कोंगडोरीपर्यंत चढलो. ती जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 3,000 मीटर उंचीवर आहे. तेथे बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या असतात, त्यांना तिकडे स्नो-बाइक म्हणतात. पुढे दोन स्की, मागे खुंट्यांचा रुंद रबरी पट्टा, आणि चालकाच्या पाठीशी प्रवाशाने बसावयाचे. आमचा चालक विशीतला काश्मिरी तरुण होता. दुपारच्या उन्हात वितळलेला बर्फ रात्री गोठून दगडासारखा झाला होता. जेमतेम काही मिनिटे चढलो असू, तोच त्याने गाडी थांबवली. आम्हांला परतीची शेवटची फेरी चुकण्याची धास्ती. आम्ही म्हणालो, “चलो भाई, देर हो रही है.” त्याने समोरचा लाल दिवा दाखवला आणि शांतपणे म्हटले, “साहब, इंजन को बर्फ नहीं मिल रही.”

हे वाक्य आम्हांला चमत्कारिक वाटले. चहूकडे बर्फ, तापमान शून्याच्या आसपास, आणि इंजिनाला बर्फ मिळत नाही म्हणजे काय? त्याचे उत्तर त्या तरुणाने तेथेच दिले, आणि नंतर आम्ही चौकशी करून ते पडताळून घेतले.

आपल्या मोटारीला पुढे जाळी असते. तिच्यातून वारा जातो आणि आतील पाणी निवते. बर्फगाड्यांपैकी साध्या गाड्या पंख्याच्या वाऱ्यावर निवतात. परंतु डोंगर चढणाऱ्या जोरकस गाड्यांना खोल बर्फात वाऱ्याची जाळी अडचणीची होते. म्हणून त्यांच्या बैठकीखाली, पट्ट्याच्या वरच्या बाजूस, अॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या बसवतात आणि इंजिनाचे पाणी त्यांतून फिरवतात. गाडी धावू लागली की रबरी पट्टा भुसभुशीत बर्फ वर उडवतो. तो त्या पट्ट्यांवर आदळून वितळतो आणि वितळताना इंजिनाची उष्णता ओढून घेतो. एक ग्रॅम बर्फ नुसते पाणी होण्यासाठी 80 कॅलरी उष्णता खातो. तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांपर्यंत तापले असते. म्हणजे ही गाडी ज्या वाटेवरून चालते, त्या वाटेवरच तिचे निवणे अवलंबून असते. बर्फ दगडासारखा कडक झाला, किंवा थर विरळ होऊन खालची माती दिसू लागली, की पट्ट्याला उडवण्यास काही उरत नाही. मग भोवती कितीही थंडी असली तरी गाडी तापते. पट्टा ज्या प्लॅस्टिकच्या घसरपट्ट्यांवरून सरकतो त्यांनाही बर्फाचाच ओलावा लागतो. तो न मिळाल्यास त्या झिजतात, वितळतातही.

हे ऐकताना आम्हांला भिलाईतील आमच्या खिडकीचा कूलर आठवला. मे महिन्यात कोरड्या हवेत पाणी भराभर वाफ होते आणि खोली गार पडते. तोच कूलर आषाढात फिरतो मात्र. दमट हवा पाणी घेण्यास तयार नसते, म्हणून तो नुसता चिकचिकाट करतो. बिघाड कूलरात नसतो. भोवतालच्या हवेने साथ सोडलेली असते. माठाचीही तीच कथा.

आणि आपल्या कारखान्यात तर हे तत्त्व अहोरात्र राबत असते. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हे आपण जाणताच. भट्टीत तप्त हवा सोडणाऱ्या तोट्या तांब्याच्या असतात. तांबे 1,085 अंशांस वितळते आणि तोटीच्या तोंडापुढची ज्वाला 2,000 अंशांच्या घरात असते. तरीही तोटी टिकते, कारण तिच्या पोटातून पाणी अखंड वाहत असते. तांब्याची जात जितकी महत्त्वाची, तितकाच त्या पाण्याचा ओघ महत्त्वाचा.

आता त्या तरुणाने काय केले ते सांगतो. त्याने प्रथम इंजिन बंद केले. आमची समजूत अशी, की गाडी उभी करून इंजिन चालू ठेवले तर ते हळूहळू निवेल. पण पट्टा फिरल्याविना बर्फ उडत नाही, आणि बर्फावाचून ते इंजिन उभ्या उभ्या अधिकच तापते. मग त्याने झाडांच्या सावलीतला भुसभुशीत बर्फ फावड्याने आणून बैठकीखालच्या त्या पट्ट्यांवर थापला. तापलेल्या इंजिनावर मात्र एक कणही पडू दिला नाही, कारण तप्त धातूवर एकाएकी थंडी पडली तर तो तडकू शकतो. त्यानंतर त्याने रुळांच्या बाजूला वर बांधून ठेवलेले दोन पोलादी तारांचे काटे खाली सोडले. गाडी चालू लागली की हे काटे कडक बर्फ ओरखडतात, त्याचा चुरा पट्ट्यात सापडतो आणि वर उडतो. थोडा वेळ वाट पाहून तो निघाला, तोही मळलेल्या वाटेने नव्हे. वाटेच्या कडेला जेथे जेथे मऊ बर्फ होता, तेथून वळसे घेत, बेताच्या वेगाने. लाल दिवा पुन्हा लागला नाही.

शेवटची फेरी आम्हांला मिळाली. उतरताना आम्ही त्याला विचारले, “आम्ही घाई केली, तेव्हा तू का ऐकले नाहीस?” तो हसून म्हणाला, “साहब, गाड़ी आपकी बात नहीं सुनती.” बाघनदीच्या त्या चढावर हे सांगणारे कोणी भेटले असते, तर मंडळाची पेटी आणखी काही वर्षे वाजली असती, असा विचार आमच्या मनात त्या क्षणी येऊन गेला.

अशी वेळ आता वारंवार येऊ लागली आहे. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे बर्फावाचून उघडी पडली होती. बर्फ नसल्याने त्या वर्षीचे तेथील खेलो इंडिया हिवाळी सामने पुढे ढकलावे लागले आणि ते फेब्रुवारीच्या उत्तरार्धात झाले. 2025 मध्येही त्याच कारणाने ते मार्चवर गेले. बर्फावर पोट असणाऱ्या त्या तरुणासारख्यांचे अशा वर्षी काय होत असेल, याची कल्पना आपण करावी.

आता आपल्या रस्त्याकडे वळू. मोटारीतील पाणी 90 अंशांवर असते असे धरा. हिवाळ्यात बाहेरची हवा 20 अंश असते, म्हणजे अंतर 70 अंशांचे. मे महिन्यात हवा 45 अंशांवर गेली की अंतर 45 च उरते. जाळी तीच, पंखा तोच. परंतु उष्णता टाकण्याची शक्ती तृतीयांशाहून अधिक घटते. आपल्या वाटेवरचा हा विरळ बर्फच म्हणावयाचा.

म्हणून निघण्यापूर्वी, इंजिन गार असताना, शीतकद्रव पाहून घ्यावा. नुसते पाणी भरू नये, कारण शीतकद्रव उशिरा उकळतो आणि गंज धरू देत नाही. जाळीत अडकलेली धूळ आणि किडे काढावेत, रबरी नळ्या दाबून पाहाव्यात. पहाटे निघावे. चढावर तापाचा काटा वर सरकू लागला तर वातानुकूलन बंद करावे आणि गाडीतील हीटर पूर्ण सोडावा; बसणाऱ्यांना त्रास होतो, पण इंजिनाचा ताप तेवढा उतरतो. तरीही काटा चढला, किंवा वाफ दिसली, तर रस्त्याच्या कडेला थांबून इंजिन बंद करावे. आणि झाकणाला हात लावू नये. बंद झाकणाखाली पाणी दाबात असते, म्हणून ते 100 अंशांवरही उकळत नाही. झाकण सुटले की दाब जातो आणि पाणी क्षणार्धात वाफ होऊन उसळते. अर्धा-पाऊण तास जावा, जाळी हाताला गार लागावी, मग जाड फडके धरून झाकण सावकाश फिरवावे आणि पाणी थोडेथोडे घालावे.

मुहूर्त टळला तर अक्षता नंतरही टाकता येतात. यंदा बाघनदीजवळ आपणांपैकी कोणाची गाडी तापलीच, तर मुलांना सावलीत बसवावे, घरून आणलेल्या दशम्या सोडाव्यात आणि घड्याळाकडे पाहू नये. आणि एखादे पोर उतावीळपणे फडके घेऊन पुढे आले, तर ते त्याच्या हातातून काढून घ्यावे.