मूठ



मला आयटीतल्या प्रवासावर बोलायला सांगितलं होतं. ते राहू द्या. सगळ्यांनी उजव्या हाताची मूठ वळा बरं. सर, तुम्हीसुद्धा.

बघा, पहिल्याच रांगेत तीन-चार अंगठे मुठीच्या आत आहेत. माझाही तसाच असायचा. अकरावीत शिकवणीसाठी घाटंजीहून यवतमाळला जायचे. एकदा बसच्या गर्दीत एका माणसाने हात लावला. मी वळून ठोसा मारला. त्याला फारसं काही झालं नाही, माझा अंगठा मात्र सुजला. घरी सांगितलं, बसच्या दारात सापडला. खरं सांगितलं असतं तर शिकवणी बंद झाली असती. शेजारी बसलेली मैत्रीण आज इथेच आहे. इतकी वर्षं तिनेही तोंड उघडलं नाही.

मुलीला पुण्यात कराटेला घातलं, तेव्हा चाळिशीत मीही तिच्या मागे उभी राहिले. पहिले काही दिवस फक्त मूठ! आधी बोटांची टोकं त्यांच्या मुळाशी टेकवायची, मग सगळी बोटं तळहातात घट्ट गुंडाळायची. (नखं कापावी लागली.) अंगठा बाहेरून, पहिल्या दोन बोटांवर दाबून. कीबोर्डवर दिवस काढणाऱ्या माझ्या हाताची करंगळी सारखी ढिली पडायची.

ठोसा लागायला हवा तो तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांनी. त्यांच्या मागची हाडं मनगटाशी पक्की बसलेली असतात. करंगळीकडची बाजू हलती. तिकडून मारलं की आपलंच हाड मोडतं. मनगटही सरळ हवं, नाहीतर मुरगळतं. आणि सराव नसेल तर मूठ नकोच, तळहाताच्या मनगटाजवळच्या जाड भागाने मारलेलं बरं. हे मला सोळाव्या वर्षी हवं होतं.

१९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला जाऊन कराटे दाखवणारे गिचिन फुनाकोशी पेशाने शाळामास्तर होते. म्हणून शाळेकडेच मागते: आठवी-नववीच्या मुलींसाठी पी.टी.चे दोन तास द्या. दिवाळीत मी येतेच आहे, शिकवीन. मुलांनाही बसवा, पण त्यांच्याशी मला मुठीबद्दल नाही, बसमधल्या गर्दीबद्दल बोलायचं आहे.

ज्यांची मूठ अजून वळलेली आहे, त्यांनी सोडायला हरकत नाही. जेवण तयार आहे म्हणतात.