दर दोन तासांनी कूस

घरात कोणी अंथरुणाला खिळलं म्हणजे सगळ्या घराची रीत बदलते. कोणाचं अंग लकव्यानं गेलेलं असतं, कोणाचा खुबा मोडलेला असतो. औषधपाणी होतं, पाहुणे भेटून जातात. आणि एके दिवशी कपडे बदलताना दिसतं, माकडहाडावरची कातडी सोलवटली आहे. "वय झालं, असं व्हायचंच," असं लोक म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. ही जखम बहुतेक वेळा टाळता येते.

ती होते कशी? तळहातावर अंगठा दाबून धरा. तिथं पांढुरकं पडतं, कारण रक्त बाजूला सरतं. सोडलं की परत लाली येते. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो, म्हणून आपलं भागतं. खिळलेल्या माणसाला ते जमत नाही. वर हाड, खाली अंथरूण, मधे कातडी चेपलेली! रक्त पोचत नाही आणि मांस आतल्या आत मरतं. वरून जखम रुपयाएवढी दिसते, आत मोठा खड्डा असतो. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, खांद्याची पाती, या जागा रोज बघाव्यात.

मुख्य उपाय एकच. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. विलायतेत स्टोक मँडेव्हिलच्या इस्पितळात १९४४ पासून डॉक्टर लुडविग गुटमान यांनी हा नेम कडक पाळायला लावला. पाठीचा कणा मोडलेले शिपाई त्याआधी बहुधा अशा जखमा चिघळून आणि लघवीच्या विकारानं दगावत. तिथले शिपाई पुढे चाकाच्या खुर्चीत बसून खेळांच्या शर्यतीत उतरले!

डावी कूस, पाठ, उजवी कूस, असं आळीपाळीनं करावं. कुशीवर अगदी आडवं करू नका, सगळा भार खुब्यावर येतो. पाठीशी गोधडीची घडी लावून थोडं तिरकं ठेवा. गुडघ्यांमधे एक उशी द्या. पोटरीखाली घडी घाला, म्हणजे टाच अधांतरी राहील. माणसाला ओढू नका, कातडी घासते. खाली जुनं लुगडं चौघडी करून घाला आणि दोघांनी दोन्हीकडून धरून उचला. अंथरूण ओलं झालं तर लगेच बदला. हवेची गादी मिळाली तर बरंच, पण तिच्यावरही कूस बदलावीच लागते.

लाल डाग दिसला तर बोटानं दाबा. पांढरा पडला नाही तर जखमेची ती सुरुवात समजा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. हात लावून बघा, जागा गरम किंवा कडक लागते. तिथं तेल चोळू नका. चोळण्यात माया असते खरी, पण आतलं मांस आणखी दुखावतं. कापडाची चुंबळही खाली ठेवू नका, तिच्या कडेनं रक्त अडतं. कातडी फुटली तर हळद, राख न लावता आरोग्य केंद्रात कळवा.

आता खरी अडचण. हे सगळं एकट्या सुनेवर पडतं, आणि तिचा डोळा लागला की रात्रीची पाळी चुकते. तिनं दिवसभर राबून पुन्हा रात्रभर जागायचं, हा कुठला न्याय? आता आपल्याला लिहिता येतं. भिंतीवर कागद लावा. १० वाजता मुलगा, १२ वाजता नातू, २ वाजता सून, ४ वाजता पुन्हा मुलगा. मोबाइलचा गजर लावा. ज्यानं कूस बदलली त्यानं कोणती कूस, ते वेळेपुढं लिहावं.