घर सरकारी पैशाचे, जागा नफ्याच्या सोयीची
(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



१९९६ सालच्या एप्रिल महिन्यात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या क्यू या उपनगरात एका सरकारी संस्थेला आग लागली आणि बौद्धिक अपंगत्व असलेले नऊ पुरुष मृत्युमुखी पडले. संस्था १८८७ साली स्थापन झालेली होती. अपंगांना वस्तीपासून दूर, एका आवारात एकत्र ठेवावे, हा त्या काळाचा विचार. पुढे शहर वाढत त्या आवारापर्यंत आले, जमिनीला सोन्याचा भाव आला. २००८ साली संस्था बंद झाली आणि रहिवाशांना लहान लहान घरांत हलवण्यात आले. काहींना त्याच आवारात जागा मिळाली. उरलेल्या जमिनीवर खाजगी विकासकाने धनिकांसाठी घरे बांधली. संस्था बंद व्हावी ही अपंगांच्या चळवळीची मागणी होती. जमीन बाजारात जावी, ही नव्हती.

संस्था बंद झाल्यावर या माणसांनी राहायचे कोठे, आणि त्या घरांचा खर्च कोणी करायचा, हा खरा प्रश्न आहे. चाकाच्या खुर्चीवरील माणसाला साध्या घरात नुसते सामावून घेऊन भागत नाही. दार रुंद हवे, उंबरा नको, माणसाला बिछान्यातून उचलून खुर्चीत बसवणाऱ्या यंत्राचा भार पेलेल असे छत हवे. श्वसनयंत्रावर जगणाऱ्यासाठी वीज गेल्यावरही चालणारी व्यवस्था हवी. असे घर महाग पडते. अपंगाच्या निवृत्तिवेतनातून त्याचे भाडे निघणे शक्य नाही, म्हणून भांडवलदार ते स्वतःहून बांधत नाही. परिणामी ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशातही हजारो तरुण अपंगांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात आयुष्य काढावे लागत होते.

त्या देशात अपंग, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांची सेवा करणारे कामगार यांनी मोठे आंदोलन उभे केले. २०१३ साली राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेचा कायदा झाला. तिच्यासाठी आरोग्यसेवेचा कर दीड टक्क्यावरून दोन टक्के करण्यात आला. दान नव्हे, हक्क, हे तत्त्व त्या कायद्याने मान्य केले. हा विजय लहान नाही. त्याची टिंगल करणे क्रांतिकारकपणाचे लक्षण नव्हे.

२०१६ पासून या योजनेतून विशेष घरांसाठी स्वतंत्र पैसा मिळू लागला. अत्यंत गंभीर अपंगत्व असलेले सुमारे सहा टक्के लाभार्थी, म्हणजे अंदाजे २८ हजार माणसे, त्यास पात्र ठरतील आणि वर्षाला सुमारे ७० कोटी डॉलर लागतील, असा हिशेब होता. रहिवाशाने आपल्या मूळ निवृत्तिवेतनाचा चौथा हिस्सा आणि भाडेसाहाय्य द्यायचे; बाकीचे शासनाने घरमालकाला द्यायचे.

पण घर शासनाने बांधायचे नाही. पैसा माणसाच्या नावे मंजूर होतो, तो माणूस ज्या मालकाच्या घरात राहील त्या मालकाला तो मिळतो. दर ठरवताना वीस वर्षांचा हिशेब धरलेला, त्यामुळे भांडवल धावत आले. घर-गुंतवणुकीच्या जाहिरातींत अपंगाचे नाव उत्पन्नाचे साधन म्हणून झळकू लागले. बांधणाऱ्याने जमीन स्वस्त पाहिली, शहराच्या टोकाला घर उभे केले. तेथून इस्पितळ दूर, बहीणभाऊ दूर, गाडी-बसची सोय नाही. काही भागांत नवी घरे रिकामी पडली आणि दुसरीकडे माणसे घराची वाट पाहत राहिली. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. परतावा पाहून घर बांधले गेले, तर माणसाची गरज त्या नकाशावर उमटेलच कशी?

आणखी एक गोष्ट. अनेक ठिकाणी घर देणारा आणि रोजची शुश्रूषा देणारा एकच. शुश्रूषेविषयी तक्रार केली तर डोक्यावरचे छप्पर जाण्याची भीती. चाळमालकच गिरणीचा मुकादम असावा, तसा हा प्रकार. २०२३ साली या योजनेचा जो सरकारी आढावा घेण्यात आला, त्याने हे दोन व्यवहार वेगळे करण्याची शिफारस केली.

आता आपल्याकडे पाहू. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी निवाऱ्याला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. ते साखळदंडांनी बांधलेले होते, पळू शकले नाहीत. क्यूची संस्था निदान सरकारी होती. एरवाडीत शासनाने आपली जबाबदारी कुणा खाजगी मालकाच्या झोपडीवर सोपवलेली होती.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. २०१६ च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने त्यांना समाजात राहण्याचा हक्क दिला, सदतिसाव्या कलमाने घरवाटपाच्या योजनांत पाच टक्के राखीव जागा दिल्या. कायदा चांगला आहे. पैशाचे मात्र वेगळे. दारिद्र्यरेषेखालील, ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या माणसाच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली महिना ३०० रुपये झाला. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा नवा शब्द आकाशवाणीवरून दिला. वाटा होता तेवढाच राहिला. राखीव घर मिळाले आणि ते तिसऱ्या मजल्यावर निघाले, तर त्या कागदाचा उपयोग काय?

म्हणून शाखांनी आपल्या गावची, आपल्या शहराची घरकुलांची यादी मागवावी. पाच टक्के घरे कोणाला गेली, त्यांपैकी तळमजल्यावर किती, पायऱ्यांऐवजी उतार किती ठिकाणी आहे, खुर्ची न्हाणीघरात जाते की दाराशीच अडते, हे घरोघर जाऊन मोजावे. अपंगांच्या संघटनांना बरोबर घ्यावे. दाराची रुंदी किती हवी, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक नसते. आणि घर सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक पैशाने, सार्वजनिक मालकीचे बांधावे, ही मागणी त्या यादीसह महानगरपालिकेपुढे आणि जिल्हा परिषदेपुढे न्यावी.