शनिवारचे रॉचडेल

मँचेस्टरला कामगार चळवळीच्या अभ्यासाला गेलो असता शनिवार-रविवार आम्हांला मोकळे मिळत. सोबती लंडनला धावत. आम्ही एका शनिवारी जवळचेच रॉचडेल गाठले. खिशाला तेवढेच झेपत होते, हेही खरे!

तेथील टोड लेनवर २१ डिसेंबर १८४४ रोजी विणकर आणि इतर कष्टकऱ्यांनी दुकान उघडले. भांडवल अवघे २८ पौंड. माल काय? लोणी, साखर, पीठ, थोड्या मेणबत्त्या. पण माप पुरे आणि पिठात भेसळ नाही. उधारी बंद, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत. मत प्रत्येकाला एकच, मग तो पुरुष असो वा बाई. आज तेथे संग्रहालय आहे. आमच्या चाळीत वाण्याच्या वहीतच पगार संपून जाई. त्यामुळे त्या खोलीतून आमचा पाय लवकर निघेना.